कुळागरातला साकव: घरच्या लाकडातून पाच मीटरचा पादचारी पूल कसा बांधावा

गोव्यात डोंगरउताराच्या जमिनीतून व्हाळ, म्हणजे ओढा, वाहत नाही असे क्वचितच. सत्तरी, सांगे, काणकोण, फोंड्याची कुळागरे, म्हणजे पोफळीच्या बागा, पाण्याच्या आधारानेच उभी राहिली आहेत. घर एका काठावर, पोफळी दुसऱ्या काठावर. उन्हाळ्यात गुडघाभरही पाणी नसते, पण जूनपासून चार महिने पलीकडे जायचे तर लांबचा वळसा. पूर्वी दर वर्षी पोफळी आणि माडाचे सोट टाकून साकव घालत आणि तो दोन-तीन पावसाळे टिकला तरी खूप मानत. माडाच्या खोडाची बाहेरची कड कणखर असते, आतला भाग मऊ. आत पाणी मुरले की वरून काहीही न दिसता सोट पोकळ होतो.

जागेत पडलेले किंवा परवानगीने तोडलेले चांगले झाड असेल, तर त्याच लाकडातून पंधरा-वीस वर्षे टिकेल असा साकव बांधता येतो. एक गोष्ट मात्र पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत ध्यानात ठेवायची. लाकूड भिजल्याने कुजत नाही, ओले राहिल्याने कुजते. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून पुष्कळ जास्त. साकव भिजणारच. पाऊस थांबल्यावर त्याचा प्रत्येक सांधा किती लवकर सुकतो, यावर त्याचे आयुष्य ठरते. खाली दिलेली मापे आणि जोडणीच्या पद्धती याच हिशेबाने ठरवलेल्या आहेत.

आधी कागद

खासगी जमिनीतले झाड तोडायलाही गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची अटही असते. वादळात पडलेल्या झाडाबाबतही वन खात्याच्या स्थानिक कार्यालयाला आधी कळवावे, फोटो काढून ठेवावेत आणि मगच कुऱ्हाड लावावी. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात गोव्यात असंख्य झाडे आडवी झाली आणि कितीतरी उत्तम लाकूड जाग्यावरच वाळवीने खाल्ले. कागद वेळेवर केले तर असे लाकूड कामी येते.

लाकूड कापण्याच्या गिरण्यांना परवाना लागतो. म्हणून आपल्याच जागेत, आपल्याच वापरासाठी, हातातल्या यंत्राने ओंडका चिरायचा आहे हे अर्जात स्पष्ट लिहून लेखी उत्तर घ्यावे. लाकूड जागेबाहेर न्यायचे असेल तर वाहतुकीचा परवाना वेगळा काढावा लागतो. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून व्हाळाचे पात्र कोणाच्या नावावर आहे तेही पाहावे. नैसर्गिक ओहोळ बहुधा सरकारी असतो, तेव्हा पंचायत आणि जलस्रोत खाते या दोघांनाही विचारावे. जागा म्हादईसारख्या अभयारण्याच्या आत किंवा लगत असेल तर वन खात्याच्या उत्तराशिवाय खड्डासुद्धा खणू नये.

जागा पावसात ठरवावी, काम उन्हाळ्यात करावे

एप्रिलमध्ये व्हाळ पाहून जागा ठरवणारा माणूस फसतो. जुलैत, दोन दिवस संततधार लागल्यानंतर, छत्री घेऊन काठाने चालावे. काठावरच्या झुडपांत अडकलेला कचरा, पालापाचोळा आणि खोडांवरचा चिखलाचा पट्टा पूर कुठवर चढला ते सांगतात. त्या रेषेवर रंगाची खूण करावी. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, कारण मोठा पूर दर वर्षी येत नाही आणि त्यांनी पाहिलेला पूर तुम्ही पाहिलेला नसतो. साकवाच्या तुळईची खालची कड त्या सर्वांत वरच्या रेषेच्या किमान ६० सेंटिमीटर वर हवी. पाण्यापेक्षा धोका पाण्याबरोबर येणाऱ्या ओंडक्यांचा असतो आणि ओंडका पाण्याच्या पातळीच्या वर डोके काढूनच येतो.

व्हाळ सरळ वाहतो अशी जागा घ्यावी. वळणावर बाहेरचा काठ दर वर्षी खचतो. दोन्ही काठ साधारण एका उंचीचे आणि जांभ्या दगडाचे किंवा घट्ट मुरमाचे असले तर निम्मे काम झाले. भरावाची माती असेल तर दहा पावले पुढे-मागे सरकावे.

पात्रात मधोमध खांब देण्याचा मोह टाळावा. खांबाला एक फांदी अडकते, फांदीला पाला अडकतो, त्याचा बांध होतो आणि पाणी काठ फोडून साकवाच्या बाजूने वाट काढते. अंतर एका उडीत पार होत नसेल तर अरुंद जागा शोधावी.

या लेखातली मापे आधारापासून आधारापर्यंत ५ मीटर मोकळ्या अंतराची आहेत. सहा मीटरच्या पुढे, किंवा खाली दोन मीटरहून खोल पात्र असेल तर, स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा.

तुळईचे माप

घरच्या साकवावरून एका वेळी एकच माणूस जातो असे आपण धरतो. पण पूर बघायला सगळे साकवावरच उभे राहतात आणि लग्नाच्या दिवशी फोटोही तिथेच काढतात. म्हणून दाटीवाटीने उभ्या माणसांचा भार धरावा: दर चौरस मीटरला ४०० किलो. चालायची रुंदी १.१ मीटर धरली तर पाच मीटरवर २२०० किलो होतात, शिवाय साकवाचे स्वतःचे वजन.

तुळईची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट. वाकण्याला होणारा विरोध तर आठपट वाढतो. म्हणून चौकोनी वासा आडवा टाकण्यात लाकूड वाया जाते, तुळई नेहमी उभी ठेवावी. उंची अंतराच्या विसाव्या भागापेक्षा कमी नको. पाच मीटरला २५० मिलिमीटर उंच, १२५ मिलिमीटर रुंद, म्हणजे १० बाय ५ इंच. घट्ट जातीच्या निरोगी लाकडाच्या अशा दोन तुळया वरचा भार सुरक्षितपणे पेलतात. मी तीन घालायला सांगतो. पंधरा वर्षांनी एखादी आतून कमजोर झाली, तर उरलेल्या दोन तोवर साकव धरून ठेवतात आणि तुम्हाला ती बदलायला सवड मिळते.

दोन्ही टोकांना ५० सेंटिमीटर टेकण धरून तुळईची लांबी ६ मीटर होते. ओंडका ६.३ मीटर घ्यावा, टोके तडकतात ती छाटता येतात.

कोणते लाकूड

तुळईसाठी जांबा या झाडाचे लाकूड मिळाले तर दुसरे काही पाहू नये. ते जड, कठीण आणि उघड्यावर फार टिकाऊ असते. सागवानाचा गाभाही तसाच टिकाऊ, जरा हलका. कोकणात ज्याला ऐन म्हणतात ती मत्ती, आणि किंजळ म्हणतात तो किंदळ, ही आपल्या रानातली नेहमीची झाडे. दोन्ही ताकदीला उत्तम, टिकायला मध्यम. मत्ती सुकताना तडकते, तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो, पण सरळ सहा मीटर फणस कुठला मिळायला? त्याच्या फळ्या कराव्यात. आंबा, सावर, काजू यांचे लाकूड या कामाला घेऊ नये. अकेशिया जागोजागी लावलेला आहे. त्याचा तपकिरी गाभा फळ्यांना आणि कठड्याला चालतो, तुळईला नाही, कारण लांब सरळ खोड विरळा.

कोणत्याही झाडाचा सालीलगतचा फिकट भाग टिकत नाही. जांब्याचाही नाही. तो वगळूनच माप धरावे. कागदावर ५० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यातून तिन्ही तुळया निघतात, पण फिकट भाग सोडला की दोन ओंडके लागतात. कडांच्या तुकड्यांतून फळ्या आणि कठड्याचे खुंट निघतात, वाया काही जात नाही.

झाड पावसानंतर, दिवाळी ते जानेवारी या काळात तोडावे. जुने लोक अमावास्येच्या पंधरवड्यात तोडायला सांगतात. थंडीत तोडलेल्या लाकडाला भुंगेरे कमी लागतात आणि ते सावकाश सुकते, हे मात्र नक्की.

ओंडका चिरणे

झाड जिथे पडले तिथेच चिरावे. ओंडका ओढत आणण्यापेक्षा चिरलेले लाकूड खांद्यावर आणणे सोपे, आणि कुळागरातले पाट आणि मेरही शाबूत राहतात.

पूर्वी दोघे जण, एक वर एक खाली, लांब करवतीने ओंडका चिरत. आता चेनसॉला लोखंडी चौकट जोडून तेच काम होते. यंत्र ७० सीसीच्या वरचे आणि पाते २४ ते २८ इंचांचे हवे. साखळी मात्र लांबीत चिरायचीच हवी. आडव्या कापाच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, चिरण्याच्या साखळीचे १० अंशांच्या आसपास. आडव्या कापाच्या साखळीने मत्ती चिरायला गेलात तर पीठ पडेल, धूर निघेल आणि पृष्ठभाग लाटांसारखा येईल.

लाकूड ओले असतानाच, तोडल्यापासून महिन्याभरात, चिरावे. सुकलेला जांबा साखळीचे दात खातो. आधी साल पूर्ण सोलावी, कारण सालीत अडकलेली माती आणि खडे धार घालवतात. ओंडका जमिनीपासून फूटभर वर ठेपांवर ठेवून दोन्ही बाजूंनी पाचर मारावी.

पहिला काप सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पुढचे सगळे काप त्याच्यावर टेकून होतात. ओंडक्याच्या दोन्ही टोकांवर पाणसळीने आडवी रेघ मारावी, त्या रेघांच्या आधाराने एक सरळ शिडी किंवा रंधलेली फळी ओंडक्यावर स्क्रूने बसवावी आणि तिच्यावरून चौकट सरकवत न्यावी. मग ओंडका पाव फेरी वळवून गुण्याने काटकोन बघून दुसरा काप घ्यावा. प्रत्येक कापात जवळजवळ १० मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जाते, ते मापात धरावे. झाडाची नाभी, म्हणजे खोडाचा अगदी मधला बिंदू, तुळईच्या पोटात कोंडू नये. तिच्यातूनच काप गेला तर तुळया कमी फाटतात. कापात लाकडी पाचरी ठोकत जावे, नाहीतर लाकूड मिटून पाते धरते.

हे काम एकट्याने कधीही करू नये. कानाला, डोळ्यांना, तोंडाला संरक्षण आणि पायात जाड बूट हवेतच. या झाडांचा बारीक भुसा घशात आणि त्वचेवर चरचरतो. चेनसॉ रोज वापरणारा माणूस गावात असेल तर त्याला पैसे देऊन चिरून घ्यावे. पाते उसळले तर सावरायला वेळ मिळत नाही, ही गोष्ट शिकाऊ माणसाने वाचून शिकलेली बरी.

चिरल्याबरोबर, त्याच संध्याकाळी, सगळ्या टोकांना जाड रंग किंवा डांबर फासावे. टोकाकडून पाणी झपाट्याने उडते आणि लाकूड उभे फाटते. फळ्या सावलीत, जमिनीपासून हातभर वर, मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, वर दगड ठेवून दाब द्यावा. तीन-चार महिन्यांत त्या बसवण्याजोग्या होतात. तुळया पूर्ण सुकायला काही वर्षे लागतील, तेवढे थांबण्याची गरज नाही.

काठावरचे आधार

काठाच्या कडेपासून किमान अर्धा मीटर मागे, दोन्ही बाजूंना, घट्ट जांभा किंवा मुरूम लागेपर्यंत खणावे. साधारण ७५ सेंटिमीटर ते एक मीटर. खाली काँक्रीट, त्यावर बांधकाम. पुराचे पाणी जिथवर लागते तिथवर काळा दगड वापरावा, त्याच्यावर जांभ्याचे चिरे चालतात. नुसता चिरा वाहत्या पाण्याच्या तोंडी दिला तर झिजतो. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, दगडांची तिरपी कुशी रचावी. पाणी आधाराच्या मागे शिरले की सगळा साकव गेला.

आधाराच्या माथ्यावर १५ सेंटिमीटर जाडीचा सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा ओतावा आणि त्याला पात्राच्या बाजूला किंचित उतार द्यावा. तुळईचे टोक भिंतीत गाडणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. साकव सगळ्यांत आधी कुजतो तो तिथेच. टोक चहूबाजूंनी मोकळे हवे. तुळईखाली टायरचा किंवा जाड रबराचा तुकडा ठेवावा आणि टोकामागची माती अडवायला बोटभर फट ठेवून छोटी भिंत घालावी. पायवाटेची माती कितीही वाहून आली तरी तुळईला टेकता कामा नये.

तुळया चढवणे

ओली तुळई २०० किलोच्या आसपास भरते. मार्च-एप्रिलमध्ये व्हाळ आटला असताना पात्रात दोन ठिकाणी लाकडी घोडे उभारावेत, त्यावर लोखंडी नळ्यांचे तुकडे रोलरसारखे टाकावेत आणि आठ माणसांनी दोराने ओढत तुळई पलीकडे न्यावी. पलीकडच्या झाडाला चेनपुली बांधली तर चार माणसांत भागते. ओढताना तुळईखाली किंवा दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

बसवण्यापूर्वी प्रत्येक तुळई डोळ्याला लावून तिचा बाक पाहावा. फुगवटा वर यायला हवा. मधल्या तिसऱ्या भागात खालच्या कडेला गाठ नको, कारण माणूस मध्ये उभा राहिला की तिथेच सगळ्यात जास्त ताण येतो. गाठ असेल तर ती वर करावी. फुगवटा आणि गाठ दोन्ही एकाच बाजूला जुळत नसतील तर गाठीचे ऐकावे.

बाहेरच्या तुळयांच्या बाहेरील कडांत १.१ मीटर अंतर ठेवावे, तिसरी बरोबर मध्ये. दोन टोकांना आणि मध्यावर तुळयांमध्ये आडवे ठोकळे घालून आरपार बोल्टने आवळावे, म्हणजे तुळया कलत नाहीत. एक टोक १६ मिलिमीटरच्या गॅल्वनाइज्ड बोल्टने आधाराला पक्के करावे. दुसऱ्या टोकाचे भोक लांबट ठेवावे, ऋतूप्रमाणे लाकूड थोडे हलते. शिवाय एका काठावर मोठ्या झाडाला किंवा काँक्रीटमध्ये पुरलेल्या कड्याला जाड तारदोराने तुळया सैल बांधून ठेवाव्यात. अघटित पूर आला आणि साकव उचलला गेलाच, तर तो फिरून काठाला लागतो आणि लाकूड हाती राहते.

फळ्या

फळी बसवण्याआधी प्रत्येक तुळईच्या माथ्यावर, दोन्ही कडांवरून बोटभर खाली उतरेल अशी रबराची किंवा डांबरी नमद्याची पट्टी अंथरावी. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. फळी आणि तुळई यांच्यामधल्या बारीक फटीत पाणी साचते, स्क्रूच्या भोकातून आत उतरते आणि तुळई वरून खाली कुजत जाते. पट्टी ते पाणी बाजूला टाकते.

फळ्या ४० मिलिमीटर जाड, १५ सेंटिमीटर रुंद, १.३ मीटर लांब. दोन फळ्यांमध्ये एक सेंटिमीटर फट. सहा मीटरला ३८ फळ्या लागतात, पाच-सहा जास्त चिरून सावलीत जपून ठेवाव्यात. प्रत्येक तुळईवर दोन, असे फळीमागे सहा स्क्रू, १०० मिलिमीटर लांब आणि स्टेनलेस स्टीलचेच. मत्ती-किंदळातला टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, साध्या लोखंडाशी झगडतो, भोवती काळे डाग पडतात आणि खिळा आतल्या आत झिजतो. प्रत्येक स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर जांब्यात स्क्रूचे डोके तुटेल.

आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळ येणारच, आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईला खाली बघता येत नाही. फळीच्या लांबीने सात-आठ मिलिमीटर अंतरावर उथळ खाचा पाडाव्यात, त्या चालण्याला आडव्या येतात आणि पाय धरून ठेवतात. साकवावर टेकलेल्या फांद्या छाटून ऊन येऊ द्यावे. कोंबड्यांची जाळी ठोकतात ती दोन वर्षांत गंजते आणि तिची तार अनवाणी पायात घुसते, ती नको.

कठडा दोन्ही बाजूंना, फळीपासून एक मीटर उंच. १०० बाय ७५ मिलिमीटरचे खुंट बाहेरच्या तुळईला बाहेरून, दर दीड मीटरवर, एकावर एक अशा दोन १२ मिलिमीटर बोल्टने आवळावेत. खुंटाशी येणारी फळी खाच पाडून बसवावी, खाचेत बोटभर मोकळी जागा ठेवून. खुंटाचा माथा तिरका छाटावा, म्हणजे पाणी ठरत नाही. मुले ये-जा करत असतील तर हातदांडीखाली आणखी दोन आडव्या पट्ट्या हव्यात.

तेल आणि देखभाल

जुने इंजिन ऑइल लाकडाला फासण्याची पद्धत सगळीकडे आहे. व्हाळावरच्या साकवाला ते लावू नये, पहिल्याच पावसात ते पाण्यात उतरते आणि खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असते. काजूच्या टरफलाचे तेल आपल्या किनाऱ्यावर होड्यांना लावतात, ते लाकडाला चांगले मुरते. ते कातडीला भाजते, हातमोजे आणि लांब बाह्यांशिवाय हात लावू नये. कापलेली टोके, बोल्टची भोके आणि खाचा जोडणीपूर्वीच भिजवून घ्याव्यात, आणि तेल पूर्ण सुकल्यावरच साकवावर वावर सुरू करावा.

दर मे महिन्यात आणि पुन्हा चतुर्थीनंतर साकवाखाली उतरावे. फटींतला पाला काढावा, टोकांपाशी साचलेली माती ओढावी, बोल्ट आवळावे. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन तुळयांची टोके, माथे आणि खुंटांची बुडे टोचत जावे. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरते. सहज बोटभर आत गेले तर तो भाग गेला. वाळवीची मातीची नळी आधारावरून चढताना दिसली तर खरवडून तिचा उगम शोधावा. शेवाळ वाळू आणि माडाच्या खराट्याने घासावे, ब्लीचिंग पावडर व्हाळात सोडू नये.

तीनपैकी दोन तुळया मऊ लागल्या तर त्याच दिवशी साकव बंद करावा, आणि नुसती पाटी लावून नव्हे. मे २०१७ मध्ये कुडचडे-सावर्ड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल कोसळला, तो वापरासाठी आधीच बंद केलेला होता, तरी नदीतले शोधकार्य बघायला गर्दी त्याच्यावर चढली होती. दोन्ही टोकांच्या पाच-पाच फळ्या काढून घरी आणाव्यात, मग कोणी चढणार नाही. बाकीच्या फळ्या आणि स्टेनलेसचे स्क्रू पुढच्या उन्हाळ्यात नव्या तुळयांवर पुन्हा बसवता येतात.